उषा आणि आशा : परदेशी दत्तकाच्या कथनांतील नाव, भाषा आणि मौन

मराठी समाजास दत्तकाची कल्पना नवी नाही. 'दत्तकमीमांसा', 'दत्तकचंद्रिका' यांसारख्या ग्रंथांनी तिचा शास्त्रीय खल केला आणि संस्थानी इतिहास तर तिच्यावाचून सांगताच येत नाही. १८५३ साली झाशीच्या गंगाधररावांनी अखेरच्या आजारात आनंदराव नावाचा मुलगा दत्तक घेतला आणि त्याचा दामोदरराव झाला. १८७५ साली नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावचा गोपाळराव महाराणी जमनाबाईंना दत्तक गेला आणि बडोद्याचा सयाजीराव झाला. दोन्ही प्रसंगी नाव बदलले. पण ते चारचौघांच्या देखत बदलले. देणाऱ्याने द्यावे आणि घेणाऱ्याने घ्यावे, हा या विधीचा गाभा. त्यामुळे देणारा समोर असे आणि कालचा गोपाळराव आज सयाजीराव झाला हे सर्वांस ठाऊक असे. लग्नानंतर तांदळाच्या ताटात सुनेचे नवे नाव लिहिण्याची आपल्याकडील रीतही याच जातीची आहे. तीत बळजोरी नाही असे मुळीच म्हणता येणार नाही, परंतु लपवाछपवी नाही.

परदेशी दत्तकाची गोष्ट निराळी आहे. तेथे देणारा समोर नसतो. त्याच्या जागी संस्था, वकील, न्यायालय आणि कागद असतात. मूल एका देशातून उचलून दुसऱ्या देशात नेले जाते, आणि त्याच्याबरोबर जाणारी जन्मघरची वस्तू बहुधा एकच असते, ती म्हणजे त्याचे नाव. हे नावही ज्याने उच्चारले त्याने लिहिलेले नसते. ज्याने लिहिले त्याने ते नीट ऐकलेले असतेच असे नाही. पुढे वीस-पंचवीस वर्षांनी हे मूल मोठे होऊन परत येते, आपल्या मुळांचा शोध घेते आणि त्यावर पुस्तक लिहिते. गेल्या दोन-अडीच दशकांत अशा लेखनाचा एक स्वतंत्र प्रवाहच निर्माण झाला असून त्यावर आधारित चित्रपटही निघाले आहेत.

या लेखनाचे वाचन आपल्याकडे बहुतांशी भावनेच्या अंगाने होते. आई भेटली की नाही, बहीण भेटली की नाही, यावर वाचकाचे डोळे खिळतात आणि भेट झाली की तो पुस्तक मिटतो. भेट झाली हे खरे. पण भेटीत काय बोलले गेले, कोणत्या भाषेत बोलले गेले आणि ते कोणी कोणास समजावून सांगितले, हा प्रश्न मात्र मागे राहतो. प्रस्तुत लेखकाच्या मते या कथनांचा खरा ताण याच प्रश्नात आहे. आशा मिरो यांचे आत्मकथन, सरू ब्रायर्ली यांचे 'अ लाँग वे होम' आणि शिल्पी सोमया गौडा यांची 'सीक्रेट डॉटर' ही कादंबरी, तसेच या अनुषंगाने आलेले दोन चित्रपट, एवढ्याच मर्यादेत येथे विचार केला आहे. मिरो यांचे लेखन प्रस्तुत लेखकाने इंग्रजी अनुवादावरून वाचले आहे, हेही आरंभीच नमूद करणे योग्य ठरेल. त्या ज्या भाषेत लिहितात ती आपल्याला येत नाही आणि आपण ज्या भाषेत हे लिहीत आहोत ती त्या विसरल्या आहेत.

आशा मिरो यांचा जन्म १९६७ सालचा, नाशिक परिसरातील एका खेड्यातला. आई वारल्यानंतर बापाने मुलीला ख्रिस्ती धर्मभगिनींच्या स्वाधीन केले. नाशिकहून ती मुंबईच्या आश्रमात आली आणि १९७४ साली, वयाची सात वर्षे पूर्ण होण्याच्या सुमारास, बार्सिलोना येथील एका कॅटलान दांपत्याची मुलगी झाली. १९९५ साली त्या प्रथम भारतात परतल्या व २००३ साली पुन्हा आल्या. पहिल्या भेटीवरील पुस्तक २००३ साली कॅटलान भाषेत निघाले, दुसऱ्या भेटीवरील २००४ साली. आणि दोन्ही मिळून 'डॉटर ऑफ द गँजेस' या नावाने २००६ साली इंग्रजीत आले. पहिल्या भेटीत हाती आलेली हकीगत दुसऱ्या भेटीत पुष्कळच बदलते. हा बदल लेखिकेने लपवलेला नाही. पहिले पुस्तक मागे घेऊन सुधारून लिहिण्याऐवजी त्याच्या शेजारी दुसरे ठेवले, हे या आत्मकथनाचे मोठेच बळ मानले पाहिजे. आपल्या आयुष्याची आपणच सांगितलेली गोष्ट अपुरी होती, हे छापील शब्दांत कबूल करण्याचे धैर्य आत्मचरित्रकारांत सहसा आढळत नाही.

मराठी वाचक मात्र पुस्तकाच्या नावापाशीच अडखळतो. गंगेची कन्या! युरोपीय वाचकाचे मन या शब्दासरशी उत्तरेकडे, काशी-हरिद्वारच्या घाटांकडे जाते. नाशिकच्या माणसाचे जात नाही. त्याची गंगा म्हणजे गोदावरी. नाशिकला नदीवर जाणे म्हणजे गंगेवर जाणे. रामकुंडाकाठच्या व्यवहारात गोदावरी हे नाव कमी आणि गंगा हेच नाव अधिक वापरले जाते. म्हणजे एकाच शीर्षकात दोन नद्या वाहतात. जगाच्या बाजारात विकली जाणारी गंगा हिमालयातून निघते, आणि लेखिकेच्या जन्मगावाजवळची गंगा त्र्यंबकेश्वराच्या डोंगरातून. शीर्षक अनुवादात शब्दशः बरोबर राहते, परंतु नदी बदलते. ही प्रकाशकाची चलाखी आहे असे म्हणण्याचे कारण नाही. एका प्रदेशातील बोलीचा शब्द त्या प्रदेशाबाहेर गेला की त्याचे काय होते याचे हे उदाहरण आहे, आणि जे या शब्दाचे झाले तेच थोड्याफार फरकाने मुलांच्या नावांचेही होते.

२००३ च्या भेटीत मिरो यांना त्यांची थोरली बहीण भेटते. तिचे नाव आशा. आणि तेव्हा उलगडते ते असे, की बार्सिलोनाच्या आशेचे जन्मनाव मुळी आशा नव्हतेच. ते उषा होते. आशा हे नाव थोरलीचे. म्हणजे ज्या एका वस्तूच्या आधाराने एवढी वर्षे आपण कोण हे सांगता येत होते, तीही उसनी निघाली. येथे एक बारीक गोष्ट ध्यानी घेण्याजोगी आहे. रोमन लिपीत ही दोन नावे एकमेकांपासून एका अक्षराने वेगळी होतात. देवनागरीत मात्र दोन्ही अक्षरे वेगळी पडतात. आ आणि उ हा भेद तर आहेच, शिवाय शहामृगातला श आणि षट्कोनातला ष हा भेदही आहे. बोलताना आपण श आणि ष यांत फारसा फरक करीत नाही, पण लिहिताना शाळामास्तर तो करावयास लावतातच. प्रस्तुत लेखकाच्या वर्गात एकदा हजेरीपटावर एका विद्यार्थिनीचे नाव 'उशा' असे चढले. तिने तास संपल्यावर येऊन ते दुरुस्त करून घेतले. चूक एका अक्षराची, पण ती मुलगी तेथे हजर होती आणि तिला लिहिता येत होते. बालवयात कागदाच्या पलीकडे गेलेल्या मुलीला ही सोय नसते.

दोन बहिणी समोरासमोर बसतात तेव्हा त्यांच्यामध्ये दुभाषा असतो. धाकटीची मराठी गेलेली आहे. थोरलीला मराठीवाचून दुसरी भाषा नाही. सात वर्षांच्या मुलीला भाषा चांगली अवगत असते. ती भांडते, गाणी म्हणते, खोटे बोलते, हट्ट करते. एवढी सारी भाषा थोड्याच काळात पुसली जाते आणि तिच्या जागी दुसरी येते, ही घटना खरे पाहता या पुस्तकातील सर्वांत मोठी घटना आहे. पण पुस्तकात ती एक झालेली गोष्ट म्हणून येते. काय हरवले याची यादी करणेही शक्य नसते, कारण यादी ज्या शब्दांत करावयाची तेच हरवलेले असतात. त्यामुळे थोरल्या आशेचे बोलणे आपल्यापर्यंत मराठीतून दुभाषाकडे, दुभाषाकडून लेखिकेकडे, तिच्याकडून कॅटलानमध्ये आणि तेथून इंग्रजीत असे चार उंबरे ओलांडून येते. सिन्नर-कोपरगावकडची बाई ज्या लयीत बोलते, मध्येच 'बाई गं' म्हणून थांबते, 'व्हतं' आणि 'न्हाई' यांवर जोर देते, ती लय कोठेच उरत नाही. मराठी वाचक प्रत्येक वाक्याखाली मूळ वाक्य काय असेल याचा अंदाज बांधीत वाचतो. अशा वाचकाची कल्पना या पुस्तकाने केलेली नाही; परंतु तो आहे, आणि त्याचे वाचन इतरांच्या वाचनाहून वेगळे होते, हे समीक्षेने लक्षात घ्यावयास हवे.

जाता जाता आणखी एक निरीक्षण. मिरो १९७४ साली बार्सिलोनास पोहोचल्या तेव्हा फ्रँकोची राजवट अद्याप संपलेली नव्हती आणि कॅटलान भाषेस सार्वजनिक जीवनातून दूर ठेवण्यात आले होते. म्हणजे एक भाषा गमावून आलेली मुलगी अशा घरात वाढली, जेथील भाषा स्वतःच दाबली गेलेली होती. गप्प केल्या गेलेल्या भाषेचे दुःख कॅटलान वाचकास निराळे सांगावे लागत नाही. असे असता याच भाषेत लिहिलेल्या पुस्तकाने मराठीच्या गप्प होण्याकडे इतके ओझरते पाहावे, याचे आश्चर्य वाटते.

परदेशी दत्तकाच्या कायद्याचा इतिहासही या संदर्भात तपासून पाहण्यासारखा आहे. हिंदू दत्तक व निर्वाह अधिनियम, १९५६ हा हिंदूंपुरता मर्यादित असल्याने परदेशी दांपत्यास त्याखाली मूल दत्तक घेता येत नसे. मार्ग एकच होता. पालक व पाल्य अधिनियम, १८९० अन्वये न्यायालयाकडून पालकत्व मिळवावयाचे, मूल परदेशी न्यावयाचे आणि तिकडील कायद्यानुसार दत्तक घ्यावयाचे. या व्यवहारातील गैरप्रकारांविषयी लक्ष्मीकांत पांडे या वकिलांनी सर्वोच्च न्यायालयास पत्र लिहिले. ते पत्र याचिका म्हणून दाखल झाले आणि १९८४ साली न्यायमूर्ती पी. एन. भगवती यांनी दिलेल्या निर्णयाने प्रथमच या क्षेत्रास शिस्त लावली. पुढे १९९० मध्ये 'कारा' ही केंद्रीय यंत्रणा आली, १९९३ च्या हेग कराराचे भारताने २००३ साली अनुसमर्थन केले आणि आज हा विषय बाल न्याय अधिनियम, २०१५ व त्याखालील विनियमांच्या कक्षेत आहे. मुलास प्रथम देशातच घर मिळावे, ते न मिळाल्यासच परदेश, हे तत्त्व १९८४ पासून आजपर्यंत कायम आहे.

१९८४ च्या निर्णयात दोन विधाने अशी आहेत की ज्यांचे वाङ्मयीन महत्त्वही कमी नाही. पहिले, मूल तीन वर्षांचे होण्यापूर्वीच परदेशी दत्तक जावे हे इष्ट, कारण लहान मूल नव्या वातावरणात व संस्कृतीत लवकर मिसळते. न्यायालयाची दृष्टी मुलाच्या हिताची होती, यात शंका नाही. परंतु याचा दुसरा अर्थ असा, की भाषा पक्की होण्यापूर्वीच मुलाने जावे. म्हणजे विसरण्यासारखे फारसे काही राहणार नाही. मिरो सातव्या वर्षी गेल्या, सरू सहाव्या. ज्यांना विसरावे लागले त्यांनी पुस्तके लिहिली, हा योगायोग नसावा. दुसरे विधान जन्मदात्यांच्या माहितीविषयी आहे. मूल सज्ञान झाल्यावर त्यास ती द्यावी की नाही हे न्यायालयाने दत्तक पालकांच्या विवेकावर सोडले. अलीकडच्या विनियमांत सज्ञान दत्तक व्यक्तीस स्वतः मुळांचा शोध घेण्याची वाट मोकळी झाली आहे. त्रयस्थास मात्र हा शोध घेता येत नाही, आणि जन्मदात्यांच्या खासगीपणाचा मानही राखावयाचा आहे. नियम समंजस आहेत. तथापि शोधाची दिशा एकच राहते. मूल आईला शोधू शकते. आईने मुलाला शोधावे अशी पायवाट त्यांत नाही. कथनांमध्येही नेमके हेच घडते. प्रवास करणारा, लिहिणारा, आठवणारा तो दत्तक गेलेला. आणि मागे राहिलेली व्यक्ती एका जागी बसून वाट पाहणारी.

सरू ब्रायर्ली यांच्या 'अ लाँग वे होम' (२०१३) मध्ये ही वाट पाहणारी आई शब्दशः जागा न सोडणारी आहे. १९८६ साली खांडव्याचा एक पाच वर्षांचा मुलगा थोरल्या भावासोबत बुऱ्हाणपूरच्या स्थानकावर जातो, रिकाम्या डब्यात झोपतो आणि कलकत्त्यास पोहोचतो. १९८७ साली तो तास्मानियातील होबार्टच्या दांपत्याचा मुलगा होतो. उपग्रहाच्या छायाचित्रांवर रात्ररात्र रेल्वेमार्ग धुंडाळून २०११ साली तो आपले गाव ओळखतो आणि २०१२ मध्ये तेथे जातो, तेव्हा आई जुन्या घरापासून थोड्याच अंतरावर राहत असते. मुलगा परत आलाच तर त्याला सापडावे म्हणून. वृत्तपत्रांनी या कहाणीतील तंत्रज्ञानाचे कौतुक केले. वास्तविक शोध चोवीस-पंचवीस वर्षे लांबला तो नकाशाअभावी नव्हे, उच्चारामुळे. गणेश तलाई हे वस्तीचे नाव मुलाच्या तोंडी 'गिनेस्टले' झाले होते, बुऱ्हाणपूरचे 'बेरामपूर'. आणि स्वतःचे शेरू हे नावही 'सरू' असे त्याने उच्चारले, तसेच ते कागदावर गेले. भुसावळकडचा कोणी रेल्वे कर्मचारी त्या मुलापाशी घटकाभर बसता तर त्याने बेरामपुराचे बुऱ्हाणपूर तत्काळ केले असते. तो त्याच मार्गावरचा. परंतु कलकत्त्यात ऐकणारे बंगाली होते आणि मुलगा हिंदी बोलत होता. परदेश होबार्टला सुरू झाला नाही, तो हावड्यालाच सुरू झाला होता. परदेशी दत्तकावर लिहिणाऱ्यांनी ही बाब विसरू नये. एवढ्या मोठ्या देशात मूल आपल्याच माणसांत परके होऊ शकते.

या पुस्तकावरील 'लायन' (२०१६, दिग्दर्शक गार्थ डेव्हिस) हा चित्रपट बराच काळ हिंदीत चालतो, आणि इंग्रजी प्रेक्षकास उपशीर्षके वाचत बसावे लागते. हा निर्णय धाडसी आणि योग्य होता. काही काळ का होईना, न समजण्याची पाळी समर्थ भाषेवर येते. परंतु शेवटी, मुलाचे खरे नाव शेरू होते आणि त्याचा अर्थ सिंह, हे जे रहस्य उलगडते, त्यावरच चित्रपटाचे नाव बेतलेले आहे. आणि ते 'शेरू' नसून 'लायन' आहे. हरवलेले नाव सापडले खरे, पण जगापुढे आले ते अनुवाद होऊनच. शेरू हे आपल्याकडे गल्लीतल्या पोराला आणि दारातल्या कुत्र्यालाही लाडाने दिले जाणारे नाव. त्यातील घरगुतीपणा 'लायन'मध्ये उरत नाही. तेथे उरतो तो पराक्रम.

आशा मिरो यांनी पुढे आना सोलेर-पोंत यांच्यासह एक कादंबरी लिहिली आणि तीवरून मारिया रिपोल यांनी 'ट्रेसेस ऑफ सँडलवुड' (२०१४) हा चित्रपट केला. येथे शोधाची दिशा उलटी आहे. मागे राहिलेली थोरली बहीण मीना ही धाकट्या सीतेला शोधते. सीता बार्सिलोनात पॉला नावाची जीवशास्त्रज्ञ झालेली आहे आणि तिला भूतकाळाची काहीच आठवण नाही. मागे राहिलेल्या व्यक्तीस शोधणारी करणे हा मोठाच पालट आहे आणि तो आत्मकथन लिहिलेल्या लेखिकेस सुचावा यात तिची संवेदनशीलता दिसते. पण हा पालट साधण्यासाठी काय करावे लागले? मीनेला मुंबईची ख्यातनाम चित्रतारका करावे लागले. नंदिता दास यांनी ही भूमिका नेटकेपणाने केली आहे, तो प्रश्न नाही. प्रश्न असा, की मीना श्रीमंत आहे म्हणून विमानाने जाते, आणि इंग्रजी बोलते म्हणून बहिणीशी बोलू शकते. वास्तवातील थोरली आशा खेड्यात राहते आणि मराठीच बोलते. तिला पडद्यावर आणले असते तर दुभाषाही आणावा लागला असता. कल्पित साहित्याने बहिणीला बोलते केले, परंतु त्यासाठी तिचा वर्ग आणि तिची भाषा दोन्ही बदलली. खेड्यातली बहीण विमानतळावर उतरत नाही, ही वस्तुस्थिती चित्रपटाने सोडविली नाही; तिला वळसा घातला.

कादंबरीस हा वळसा टाळता येतो काय? शिल्पी सोमया गौडा यांच्या 'सीक्रेट डॉटर' (२०१०) या संदर्भात लक्षवेधी ठरते. लेखिकेचे आईवडील मुंबईहून स्थलांतरित झालेले, तिचा जन्म व बालपण टोरांटोतील. कादंबरीचा आरंभ १९८४ सालचा आणि डहाणूचा. पहिली मुलगी जन्मताच संपवली गेल्यामुळे कविता दुसरीस वाचविण्यासाठी तिला मुंबईच्या अनाथाश्रमात पोहोचविते, तिच्या अंगावर चांदीची बांगडी ठेवते आणि तिचे नाव उषा सांगते. कॅलिफोर्नियातील डॉक्टर दांपत्य, त्यातील नवरा मुंबईचा गुजराती आणि बायको अमेरिकन, ज्या मुलीस दत्तक घेते तिचे नाव आशा असते. येथे वाचक चमकतो. मिरो यांच्या आयुष्यात जे घडले तेच, त्याच दोन नावांत, या कादंबरीत घडते. एकीने दुसरीवरून घेतले असे सुचविण्याचा हेतू नाही. तसा आधारही नाही. ही दोन नावे त्या पिढ्यांत घरोघर होती, आणि रोमन लिपीत ती एका अक्षराने एकमेकांत मिसळतात. पण अर्थाच्या दृष्टीने फरक मोठा आहे. उषा ही घडणारी गोष्ट आहे, ती रोज होते. आशा ही दुसऱ्याने करावयाची असते. जन्मदात्री पहाटेचे नाव ठेवते आणि कागद त्याची आशा करतो. दत्तक घेणाऱ्या जगाला या मुलीकडून, या मुलीसाठी, जे हवे असते ते या बदललेल्या अक्षरात आपोआप उमटते.

कादंबरीचे श्रेय असे, की तिने कविता आणि तिचा नवरा जसू यांना पुस्तकाचा मोठा भाग दिला. आत्मकथनास जे कधीच शक्य नसते ते येथे होते. आई नुसती वाट पाहत नाही, ती मुंबईस येते, झोपडपट्टीत राहते, मुलाच्या वाढण्याने खचते आणि त्या मुलीला विसरत नाही. आपल्याकडील अनेक वाचकांस म्हणूनच ही कादंबरी आत्मकथनांहून अधिक पूर्ण वाटते. प्रस्तुत लेखकाचे मत निराळे आहे. कविता जे मनात बोलते ते सफाईदार इंग्रजीत, आणि अमेरिकन सोमर जे मनात बोलते तेही त्याच सफाईदार इंग्रजीत. डहाणूचा किनारा मराठी-गुजरातीच्या सीमेवरचा. तेथील कष्टकरी बाईच्या बोलण्यात या भाषांचे किती पदर असतील! कादंबरीत अधूनमधून येणारे देशी शब्द मसाल्याच्या चिमटीसारखे येतात, पदर होऊन येत नाहीत. दोन आयांमध्ये मुख्य दरी भाषेची आहे, आणि निवेदनाने ती दरी बुजवून टाकल्यामुळे वाचकास ती आहे हेच जाणवत नाही. मिरो आणि ब्रायर्ली यांची पुस्तके अडखळतात, दुभाषाकडे पाहतात, गप्प बसतात. त्या गप्प बसण्यात अधिक सत्य आहे. कलाकृती म्हणून 'सीक्रेट डॉटर' सरस असेल. साक्ष म्हणून ती कमी पडते.

यास एक अपवाद मात्र मान्य केला पाहिजे. या कादंबरीत आई आणि मुलगी शेवटपर्यंत भेटत नाहीत. मोठी झालेली आशा मुंबईत येते, त्यांच्या दारापर्यंत पोहोचते, या दोघांनी मुलगा मात्र वाढवला हे तिला कळते आणि ती परत फिरते. जाताना अनाथाश्रमात त्यांच्यासाठी पत्र ठेवते. लोकप्रिय कादंबरीच्या सर्व संकेतांनुसार येथे भेट व्हावयास हवी होती. ती न घडविण्यात लेखिकेने स्वतःच्या सफाईदार निवेदनाला जणू स्वतःच आवर घातला आहे. समोरासमोर आल्या असत्या तर त्या कोणत्या भाषेत बोलल्या असत्या, हा प्रश्न टाळण्याचा तो मार्ग होता की त्याची जाणीव होती, हे सांगणे कठीण आहे. कादंबरीचे पहिले पान पुन्हा वाचले तर दुसऱ्या शक्यतेकडे कल होतो. हे पान २००९ सालचे आहे. म्हातारा होत चाललेला जसू मुंबईतील एका दारापुढे उभा आहे. हातात मळकट चिठ्ठी आहे, दारावर लाल पाटी आहे. तो चिठ्ठीवरची अक्षरे पाहतो, पाटीवरची पाहतो, पुन्हा चिठ्ठीवरची पाहतो. चूक होऊ नये म्हणून एकेक अक्षर जुळवीत राहतो, आणि मगच दार वाजवतो.